हिवाळ्यात समुद्रावर कयाक चालवायला निघालात? सुरुवात गावच्या तलावापासून करा

पहिल्या वर्षी मालवणजवळच्या देवबागला आम्ही कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, खाडीच्या अगदी काठाला लावली आणि घावणे खायला गेलो. दोन तासांनी परत आलो तर कयाक चिखलात पडलेली आणि पाणी वीस-पंचवीस पावलं खाली. "पानी कुठं गेलं बे?" आमच्यातला किराणा दुकानवाला खरंच घाबरून म्हणाला. नंतर दोन माणसांनी मिळून ती धूड पिंडरीभर चिखलातून ओढली. एकाची चप्पल अजून तिथेच आहे.

आपल्या भंडारा-गोंदियाकडच्या माणसाला पाण्याची भीती नसते, इथेच घोटाळा होतो. तलाव पावसाळ्यात भरतो, उन्हाळ्यात आटतो, पण सकाळी होता तिथेच संध्याकाळी असतो. समुद्र तसा नाही. दर वर्षी धानाची मळणी आटोपली की आमच्या भागातून दोन-तीन टोळकी कोकणात जातात आणि सगळी एकाच क्रमाने चुकतात. आधी तिकीट, मग हॉटेल, मग पोचल्यावर दुपारी सुरमई हाणून साडेतीनला समुद्रात. खरा क्रम याच्या बरोबर उलटा आहे. तो पुढे सांगतो.

हे मार्गदर्शन चार ते सहा मित्रांच्या गटासाठी, भाड्याच्या कयाकसाठी आणि किनारा धरून दोन-तीन तास चालवण्यापुरतं आहे. किल्ल्याला वळसा घालायचा किंवा बेटावर मुक्काम करायचा बेत असेल तर सोबत अनुभवी माणूस घ्या. लेख वाचून तसली कामं होत नाहीत.

## टप्पा १: आधी तिथी, मग तिकीट

समुद्राला साधारण २४ तास ५० मिनिटांत दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. त्यामुळे भरतीची वेळ रोज जवळपास ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास चढउतार कमी असतो, तो भांग. दोन्हींचा खरा जोर तिथीनंतर एक-दोन दिवसांनी जाणवतो. मुंबईकडे उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त वरखाली होतं, मालवणकडे साधारण दोन मीटर.

नवख्या गटाने भांगाचे दिवस धरावेत. आता वेळेचा हिशोब. कोकणात जुना ठोकताळा आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. हा मुंबईकडचा अंदाज आहे; मालवणला भरती मुंबईच्या आधी येते. म्हणजे दशमी ते द्वादशी या दिवसांत मालवण-तारकर्लीला सकाळी सात-आठच्या सुमारास पाणी भरलेलं मिळतं, आणि भांग नुकताच होऊन गेल्याने त्याला ओढही कमी असते. आम्ही आता कॅलेंडर उघडून मार्गशीर्ष-पौषातली दशमी शोधतो आणि मगच रजा टाकतो.

ठोकताळा फक्त बेत आखायला वापरा. नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातून घ्या; भारतीय सर्वेक्षण विभाग तो दर वर्षी छापतो आणि मोबाइलवरही बंदरानुसार वेळा मिळतात. बंदर निवडताना मुंबई नव्हे, मालवण निवडा. ही चूक आमच्यातल्या मास्तरांनी केली होती, आणि मास्तर गणिताचे.

तपासा: निवडलेल्या दिवशी सकाळी ७ ते १० मध्ये पाणी चढतंय की उतरतंय, आणि सर्वात जोराची ओढ किती वाजता असेल, हे कागदावर लिहिलं का? सहा तासांच्या ओहोटीत पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. पहिल्या तासाला बारावा हिस्सा, दुसऱ्याला दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्याला तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी निघून जातं. त्या दोन तासांत खाडीच्या तोंडाशी जायचं नाही.

एकतीस डिसेंबरचा आठवडा टाळा. भाडं दुप्पट असतं ते सोडा, जेट-स्की आणि मोटरबोटींच्या गर्दीत नवख्याने वल्हं मारणं म्हणजे दिवाळीच्या बाजारात सायकल शिकणं.

## टप्पा २: गावच्या तलावात तीन दुपारी

हा टप्पा लोक हटकून गाळतात. "पोहता येते ना, मंग काय?" असं म्हणतात. पोहता येणं वेगळं, आणि उलटलेल्या कयाकवर अंगातलं लाइफ जॅकेट (तरंगत ठेवणारं) न काढता परत चढणं वेगळं.

तलाव मच्छीमार सोसायटीकडे असेल तर आधी तिथल्या ढिवर भावांना विचारा. परवानगीचा मुद्दा आहेच, शिवाय जाळी कुठे लावलीत, शिंगाड्याचे वेल कुठवर पसरलेत आणि गाळ कुठे धरतो हे त्यांनाच माहीत असतं. शिंगाड्याच्या वेलात पाय अडकला की चांगला पोहणाराही गोंधळतो. बेशरमाच्या झुडपांकडूनही उतरू नका. बांधाच्या बाजूची मोकळी, कमरेभर पाण्याची जागा निवडा आणि बदकांचा थवा बसला असेल तो कोपरा सोडा.

वेळ दुपारी बारा ते तीन. आपल्याकडे पौषात पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि तलावाचं पाणी बर्फासारखं लागतं. समुद्राचं पाणी त्या मानाने कोमट असतं, हिवाळ्यातही २६-२८ अंश. म्हणजे थंडी लागेल ती सरावाला, समुद्रावर नाही.

सावधान: थंड पाण्यात उडी मारू नका. अंगाला एकदम गार पाणी लागलं की श्वास आपोआप आत ओढला जातो. तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच ओढलं जातं. हळूहळू चालत उतरा.

पहिल्या दुपारी फक्त जॅकेट. घालून छातीभर पाण्यात जा, पाय उचला, दहा मिनिटं नुसतं तरंगा. डोकं मागे टाका, गुडघे पोटाशी घ्या, श्वास मोजा. ज्याला ही दहा मिनिटं शांतपणे काढता येत नाहीत त्याने समुद्रावर जायचं नाही, मग तो कितीही पट्टीचा पोहणारा असो. आमच्या गटात असा एक जण होता. रागावला, पण पुढच्या वर्षी सराव करून आला.

दुसऱ्या दुपारी वल्हं. कयाकचं वल्हं दोन पात्यांचं असतं. डोक्यावर आडवं धरा. दोन्ही कोपरांत काटकोन झाला की पकड बरोबर. पात्याची खोलगट बाजू आपल्याकडे. पातं पायाच्या बोटांजवळ पाण्यात घाला आणि कमरेजवळ आलं की काढा. जोर दंडाचा लावायचा नाही, कंबर फिरवायची. पाण्यात घालायच्या बाजूचा खांदा पुढे न्यायचा आणि मग मोट ओढल्यासारखं सगळं धड मागे फिरवायचं. वल्हं मुठीत आवळू नका, नाहीतर अर्ध्या तासात तळहाताला फोड येतात आणि मनगट भरून येतं. डोंगा चालवणाऱ्याला एका बाजूने मारायची सवय असते. त्याला ही लय धरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

तिसरी दुपार सगळ्यात महत्त्वाची: उलटणे आणि चढणे. आम्ही चौघांनी वर्गणी काढून हवा भरायची एक स्वस्त कयाक घेतली आहे, ती फक्त यासाठी. (समुद्रावर ती नेत नाही. जरा वारा आला की पतंगासारखी निघते.) कयाक मुद्दाम उलटी करा. मग बाजूने तिच्या पोटावरून हात टाकून पलीकडची कड धरा, गुडघा अलीकडच्या कडेवर रोवा आणि मागे पडत तिला सुलटी करा. आता मधोमध या, दोन्ही हात कयाकवर ठेवा, पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागावर येईपर्यंत जोरात मारा आणि एका झटक्यात पोटावर आडवे पडा. तिथून वळून बूड सीटवर, शेवटी पाय आत. आधी पोट, मग बूड, मग पाय. लोक पहिल्याच झटक्यात गुडघा वर टाकतात आणि कयाक पुन्हा अंगावर घेतात.

तपासा: गटातल्या प्रत्येकाला हे लागोपाठ तीन वेळा, कोणी हात न देता, जमलं का? एकदा जमलं म्हणजे जमलं असं नाही. थकल्यावर जमलं पाहिजे.

## टप्पा ३: सामान

यादी छोटी आहे. माणशी दोन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे किंवा चिक्की, शिट्टी, नाडीची टोपी, पूर्ण बाह्यांचा पटकन वाळणारा शर्ट, मागे पट्टा असलेली सँडल. मोबाइलला पाणी न शिरणारी पिशवी, ती दोरीने जॅकेटला बांधलेली. गटाकडे दहा मीटर तरंगणारी दोरी, एक धारदार चाकू आणि प्रथमोपचाराचं पाकीट.

जीन्स नको. ओली झाली की मणभर होते आणि चढताना पाय उचलू देत नाही. बिनपट्ट्याची चप्पल नको. खडकावरच्या कालवांची (चिकटलेल्या शिंपल्यांची) कड ब्लेडसारखी असते, अनवाणी तर अजिबात जाऊ नका.

शिट्टी स्वतःची घ्या, पाच-पंचवीस रुपयांचं काम आहे. भाड्याच्या जॅकेटला ती कधी असते, कधी नसते, आणि असली तर कालच्या पर्यटकाच्या तोंडातली असते.

हिवाळा आहे म्हणून ऊन लागणार नाही, हा आपल्याकडच्या माणसाचा ठाम गैरसमज. मे महिन्यात दुपट्टा बांधून फिरणारी माणसं जानेवारीत मान उघडी ठेवतात. पाण्यावरून उलटलेलं ऊन हनुवटीखाली आणि गुडघ्यामागे भाजतं. तोच दुपट्टा मानेला गुंडाळा, फक्त टोकं जॅकेटच्या आत खोचा.

## टप्पा ४: प्रवास, आणि पोचल्याच्या दिवशी काय करायचं नाही

भंडारा रोडवरून महाराष्ट्र एक्सप्रेस थेट कोल्हापूरला जाते. तिथून एसटीने घाट उतरून मालवण. किंवा नागपूर-मडगाव गाडी चालू असेल त्या दिवसांत कुडाळला उतरायचं, पुढे तीसेक किलोमीटर. काहीही करा, सव्वा-दीड दिवस जातो. अंग आंबलेलं असतं, झोप झालेली नसते, आणि समोर समुद्र दिसला की सगळे लहान पोरं होतात.

पोचल्याच्या दिवशी समुद्रात कयाक नाही. ही आमच्या गटाची एकच सक्ती आहे, बाकी सगळं चर्चेने ठरतं.

त्या दिवशी देवबागजवळच्या कर्ली खाडीच्या आतल्या भागात तासभर सराव करा, तोही पाणी चढत असताना. दशमीच्या आसपास दुपारी तीन ते पाच भरती चढती असते. चढत्या पाण्यात वाहून गेलात तरी खाडीच्या आत, गावाकडे जाल. उतरत्या पाण्यात वाहून गेलात तर तोंडाकडे, समुद्राकडे. आमच्या पहिल्या वर्षीच्या दुसऱ्या फेरीला काठावर जाळं शिवत बसलेल्या एका काकांनी नुसती मान वर करून सांगितलं होतं, "सुकती लागली हा, आता जाव नकात." सुकती म्हणजे ओहोटी. आम्हाला शब्दच कळला नाही, म्हणून हसून पुढे गेलो. पाऊण तास जिवाच्या आकांताने वल्ही मारून जागच्या जागी राहिलो आणि शेवटी त्याच काकांची होडी आम्हाला घ्यायला आली. पैसे घेतले नाहीत. बोलले मात्र भरपूर.

खाडी आडवी ओलांडायची असेल तर वैनगंगेवरचा नावाडी आठवा. पलीकडच्या घाटाकडे तो नाव कधी सरळ धरत नाही, प्रवाहाच्या वरच्या अंगाला तोंड ठेवतो आणि नदी त्याला बरोबर घाटावर आणून सोडते. कयाकचंही तेच.

संध्याकाळी समुद्राच्या बाजूला जाऊन उद्या उतरायची जागा बघा. पाण्यातून परत येताना तीच जागा ओळखू येईल अशी खूण धरा: वाकडा माड, रंगीत होडी, देवळाचा कळस. समुद्रातून सगळे माड सारखेच दिसतात.

रात्री दारू नाही. झणझणीत रस्साही दुसऱ्या दिवशीसाठी ठेवा. तेलकट जेवण आणि डुलणारी कयाक यांचं जमत नाही.

## टप्पा ५: भाड्याची कयाक हातात घेताना

किनाऱ्यावर मिळतात त्या बहुतेक वर बसायच्या प्लास्टिकच्या कयाक. नवख्यांसाठी त्याच बऱ्या, उलटल्या तरी आत पाणी भरून बुडत नाहीत. पण आतून त्या पोकळ असतात आणि मागच्या टोकाला एक बूच असतं. तेच सैल असेल तर पाणी हळूहळू आत शिरतं आणि कयाक जड होऊन कलायला लागते. तासाभराने कळतं, तेव्हा किनारा लांब असतो.

एक टोक उचलून हलवा. आत खळखळ ऐकू आली तर पाणी काढून घ्या, बूच घट्ट करा, आणि दहा मिनिटं काठाजवळ चालवून पुन्हा हलवून बघा. परत खळखळली तर ती कयाक नको. बुडाला तडा, सीटचा तुटका पट्टा, वल्ह्याच्या मधल्या सांध्याची खुंटी, सगळं हाताने चाचपा. सांध्यातून निसटणारं वल्हं फार वाईट, पाण्यात दोन तुकडे हातात येतात.

जॅकेटची परीक्षा अशी: सगळे पट्टे लावा आणि मित्राला सांगा, खांद्याला धरून वर उचल. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर मापाचं नाही. फोम दाबून बघा. दाबलेला परत फुगला नाही तर तो मेलेला आहे. तुटक्या क्लिपेला सुतळी बांधून देतात, तसलं घेऊ नका. एकदा भाड्याने देणारा म्हणाला, "एवढं कोण बघतं?" आम्ही दुसरीकडे गेलो.

दोघांच्या कयाकमध्ये वजनदार आणि अनुभवी माणूस मागे बसवा, दिशा मागच्याच्या हातात असते. नवरा-बायको किंवा जिगरी दोस्त एकाच कयाकमध्ये हवेत असा हट्ट नको. कच्च्या बरोबर पक्का, एवढाच नियम.

## टप्पा ६: सकाळी साडेसहाचा निर्णय

सकाळी निघण्याचं कारण सूर्योदय नव्हे, वारा. रात्री जमीन गार होते, त्यामुळे पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे हलका वाहतो. ऊन चढलं की उलटं होतं. दुपारी वायव्येकडून वारा धरतो आणि पाणी खवळतं. हिवाळ्यात आखातातल्या जोरदार वाऱ्यांनी उठलेल्या लाटाही कधीकधी इथवर येऊन पोचतात. मग आपल्या इथे वारा नसला तरी समुद्र उंच असतो.

हैदराबादची इन्कॉइस ही संस्था लाटा आणि वाऱ्याचा अंदाज रोज देते, हवामान विभाग मच्छीमारांसाठी इशारे देतो. दोन्ही आदल्या रात्री बघा. वारा ताशी १५ किलोमीटरच्या आत असेल तर ठीक, २० च्या वर असेल तर झोपा. लांबवर लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसायला लागला असेल, तर मोबाइल काहीही सांगो, उतरू नका.

मग पंधरा मिनिटं नुसतं बघत बसा. फार थोडी माणसं हे करतात. लाटा झुंडीने येतात: तीन-चार मोठ्या, मग जरा शांतता, परत मोठ्या. त्या शांततेचा अंदाज घ्या, उतरायचं तेव्हाच आहे. सर्वात मोठी फुटणारी लाट कमरेच्या वर असेल तर आजचा दिवस खाडीत.

आसपास रापण लागली आहे का तेही बघा. होडीने समुद्रात गोल जाळं सोडलेलं असतं आणि दोन्ही टोकं धरून किनाऱ्यावरून माणसं ते ओढत असतात. जाळं आणि किनारा यांच्या मध्ये कयाक घालायची नाही. त्यांची सकाळची मेहनत जाईल, आणि तुम्हाला जे ऐकावं लागेल ते वेगळं.

किनाऱ्यावर एक माणूस ठेवा, घरमालक चालेल. त्याच्याकडे चिठ्ठी: किती जण, कयाकचा रंग, कुठून कुठे, परत यायची वेळ. "दहापर्यंत येतो. साडेदहापर्यंत आलो नाही आणि फोन लागला नाही, तर १५५४ लावा." १५५४ हा तटरक्षक दलाचा समुद्रातल्या मदतीचा क्रमांक. सागरी पोलिसांचा १०९३, आणि काहीच आठवलं नाही तर ११२.

हलकं खा. पोहे चालतील, पण त्यावर तर्री नको. आणि एकादशी निवडली असेल तर उपास मोडा, पांडुरंग समजून घेईल.

## टप्पा ७: पाण्यात उतरणं

कयाकचं नाक लाटेकडे सरळ. गुडघाभर पाण्यात नेऊन धरा. वाळूत पाय उचलून टाकू नका, घसटत चाला. खाली पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) दडलेला असेल तर तो हलून निघून जातो.

सावधान: कयाक आणि किनारा यांच्या मध्ये कधीही उभे राहू नका. लाट आली की पंचवीस-तीस किलोची कयाक, वर पाण्याचा रेटा, थेट तुमच्या गुडघ्यावर. पाय मोडतात ते इथे, खोल पाण्यात नाही.

झुंड गेली की बसा आणि मारत सुटा. समोरून लाट आली की थांबायचं नाही, किंचित पुढे वाका आणि लाटेच्या पलीकडे वल्हं रोवा. नवखा माणूस लाट बघून हात वर करतो. कयाक लगेच आडवी होते, आणि आडवी झाली की उलटलीच.

एक-एक कयाक सोडा. पहिली पलीकडे स्थिर झाल्यावर दुसरी.

## टप्पा ८: चालवताना

पहिली वेळ असेल तर तारकर्लीचा लांब वाळूचा किनारा बरा, कुठेही बाहेर पडता येतं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास खडक आहेत आणि बोटींची ये-जा आहे, तो मोह आवरा. आधी उत्तरेकडे जा. वारा धरलाच तर बहुधा वायव्येकडून धरेल आणि परतताना पाठीवर राहील. थकलेल्या माणसाला समोरचा वारा म्हणजे शिक्षा.

किनाऱ्यापासून अंतर किती? फुटणाऱ्या लाटांच्या बाहेर, पण किनाऱ्यावरच्या माणसाचे हातपाय वेगळे दिसतील इतकं जवळ. माणूस नुसता ठिपका दिसायला लागला की आत या. पहाटेचा जमिनीकडचा वारा पाठीवर इतका गोड लागतो की आपण बाहेर ढकलले जातोय हे कळत नाही.

वाहत जातोय का, हे ओळखायची युक्ती: किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरा, पुढे माड आणि मागे देवळाचा कळस. थांबल्यावर दोन्ही रेषेतच राहिल्या तर ठीक. कळस माडाच्या एका बाजूने सरकायला लागला तर तुम्ही सरकताय, आणि किती जोरात तेही कळतं. हे एकदा जमलं की पाण्यावरची निम्मी भीती जाते.

पुढे एक जाणता, मागे एक जाणता, बाकी मध्ये. वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा. दर वीस मिनिटांनी थांबून पाणी प्या, तहान लागायची वाट बघू नका. खुणा तीनच: वल्हं उभं म्हणजे माझ्याकडे या, वल्हं डोक्यावर आडवं म्हणजे थांबा, तीन शिट्ट्या म्हणजे मदत.

नवखा गट ताशी तीन किलोमीटर चालतो, चार धरू नका. वेळेचे तीन भाग करा: एक जायचा, एक यायचा, एक शिल्लक. तीन तास हातात असतील तर एका तासाने वळायचं, मग पुढे डॉल्फिन दिसो की आणखी काही.

## टप्पा ९: उलटली तर

कयाक सोडायची नाही. वारा तिला तुम्ही पोहाल त्यापेक्षा वेगाने नेतो. एका हातात कयाक, दुसऱ्यात वल्हं. तीन श्वास घ्या आणि तलावात केलं तेच करा: पोट, बूड, पाय.

सोबतच्यांनी घोळका करून धावायचं नाही. एकच कयाक जवळ जाईल आणि उलटलेल्याच्या कयाकला समांतर लावून घट्ट धरेल. दोन कयाक जुळल्या की चढणं सोपं होतं. दुसरी वाहून गेलेलं सामान गोळा करेल. बाकीचे लांब थांबतील. तीनदा प्रयत्न करूनही चढता येत नसेल तर त्याची ताकद संपली आहे, चौथ्यांदा करायला लावू नका. त्याला कयाकच्या मागच्या टोकाला धरायला सांगा, दोरी बांधून किनाऱ्याकडे ओढा आणि फोन लावा.

## टप्पा १०: किनाऱ्याला लागणं

सगळं नीट पार पडल्यावर शेवटच्या वीस मीटरात उलटणारे सर्वात जास्त. मागून आलेली लाट कयाकची शेपटी उचलते, नाक वाळूत रुततं आणि कयाक आडवी फिरते.

फुटणाऱ्या लाटांच्या बाहेर थांबून परत झुंड मोजा. शेवटची मोठी लाट खालून गेली की तिच्या पाठीवर, तिच्या मागे मागे या. लाटेच्या पुढे पळायचा प्रयत्न नको. कयाक तरीही आडवी झालीच तर लाटेच्या बाजूला झुका, किनाऱ्याच्या बाजूला नव्हे. मनाला उलटं वाटतं, पण तसंच करायचं. गुडघाभर पाण्यात समुद्राच्या अंगाने उतरा आणि कयाक लगेच वर ओढा.

किती वर? ओहोटी लागली असेल तर कितीही चालेल. भरती चढत असेल तर वाळूवरच्या सुक्या काडीकचऱ्याच्या रेघेच्याही वर. कालचं पाणी तिथवर आलं होतं.

## टप्पा ११: लगेच करायची कामं

चिठ्ठी दिलेल्या माणसाला आधी सांगा, मग फोटो काढा. एका वर्षी आम्ही फोटोत अर्धा तास घालवला आणि घरमालक बिचारा फोन हातात घेऊन किनाऱ्यावर फेऱ्या मारत होता.

गोड्या पाण्याने अंघोळ, जॅकेट आणि शिट्टीही धुवायची. मीठ सुकलं की क्लिपा अडकतात. पायाला कालवांचे ओरखडे असतील तर साबणाने खरवडून धुवा, बारीक कपची आत राहिली की दोन दिवसांनी पिकतं. कयाक परत देताना बूच उघडून आत किती पाणी निघालं ते देणाऱ्याला दाखवा, उद्या तिच्यात दुसरं कोणी बसणार आहे.

दुसऱ्या दिवशी निघायला पन्नास मिनिटं उशीर करायची मुभा आहे, भरती तेवढी पुढे सरकलेली असते. वारा मात्र सरकलेला नसतो, म्हणून फेरी तेवढ्या वेळाने छोटी करा. आणि सुरमई आता खा. दुपारचे तीन वाजलेत, समुद्रावर पांढरा फेस दिसायला लागलाय, आणि पलीकडच्या हॉटेलातून आपल्याकडचंच एखादं टोळकं जॅकेट घालून निघालेलं असेल. त्यांना थांबवून पानात बसवा.